प्रयोगशाळेचा पैसा आणि पोराचा पैसा

वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची म्हटली की कार्यकारिणीतली मंडळी घरोघर लेख मागत फिरतात. यंदा माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "काका, इतिहासाचं काहीतरी लिहा, पण पोरांच्या उपयोगाचं लिहा." तेव्हा मला आपल्याच वस्तीतल्या एका मुलाने विचारलेला प्रश्न आठवला. बारावी सायन्सला असलेला हा मुलगा माटुंग्याला व्ही.जे.टी.आय. बघून आला होता. त्याने विचारले, "काका, एवढं मोठं कॉलेज, एवढी यंत्रं, ह्याला पैसा कुणी दिला? आणि तिथं शिकायला आपल्याला पैसा कोण देणार?"

पोराने एका दमात दोन प्रश्न विचारले. मी त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर लक्षात आले, की विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या शिक्षणाचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांत बसतो. म्हणून हा लेख.

दोन थैल्या

विज्ञानाचे शिक्षण महाग का, हे आधी समजून घेऊ. इतिहास किंवा मराठी शिकवायला एक चांगला मास्तर, पुस्तके आणि बसायला बाक असले की बरेचसे भागते. रसायनशास्त्राला तेवढ्याने भागत नाही. गॅसची लाईन पाहिजे, पाण्याचा नळ पाहिजे, तराजू, ब्युरेट, पिपेट, ॲसिड पाहिजे. इंजिनिअरिंगला वर्कशॉप पाहिजे, लेथ पाहिजे, त्यावर हात धरून शिकवणारा माणूस पाहिजे. हा खर्च नुसत्या फीमधून कधीच निघत नाही. त्यामुळे जगात कुठेही जा, विज्ञानाचे कॉलेज कुणाच्या तरी देणगीवर किंवा सरकारी अनुदानावर उभे राहिलेले दिसेल.

ही झाली पहिली थैली. ती संस्थेला मिळते. तिला आपण प्रयोगशाळेचा पैसा म्हणू.

दुसरी थैली विद्यार्थ्याची. फी, वह्या-पुस्तके, गाडीचा पास, ॲप्रन, ड्राफ्टर आणि चार वर्षे हा मुलगा घरात कमावून आणणार नाही त्याची भरपाई. तिला पोराचा पैसा म्हणू.

पहिली थैली भरलेली आणि दुसरी रिकामी असेल, तर कॉलेज चांगले चालते, पण त्यात आपले पोर नसते. दुसरी भरली आणि पहिली रिकामी राहिली, तर पोर कॉलेजात जाते, पण शिकत काहीच नाही. या दोन्ही थैल्या बरोबर भरल्या पाहिजेत, हे आपल्याकडे ज्यांनी फार लवकर ओळखले ते बाबासाहेब. ते कसे, हे पुढे येईलच.

गिरण्यांच्या धनातून उभी राहिलेली कॉलेजे

माटुंगा रोड स्टेशनाजवळचा झेड ब्रिज ओलांडून पलीकडे गेले की थोड्या अंतरात दोन नामवंत संस्था लागतात. एक व्ही.जे.टी.आय. आणि दुसरी पूर्वीची यू.डी.सी.टी., म्हणजे आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी.

व्ही.जे.टी.आय. १८८७ साली निघाली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून तिचे नाव दिले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. तेव्हा मुंबईत गिरण्यांवर गिरण्या उभ्या राहात होत्या. यंत्रे विलायतेची आणि ती चालवणारे, दुरुस्त करणारे तज्ज्ञही विलायतेचे. त्यांचे पगार मालकांना परवडेनात. इथलीच माणसे तयार करावीत म्हणून गिरणीमालक, सरकार आणि शहरातले धनिक यांनी हातभार लावला. गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांची मदत त्यात मोठी होती. संस्था आधी भायखळ्याला होती. १९२३ साली ती माटुंग्याच्या आताच्या जागेत आली. १९९७ साली तिचे नाव वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झाले, त्यामुळे व्ही.जे.टी.आय. ही अक्षरे तीच राहिली.

फोर्टात रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उभी राहिली तीही देणग्यांवर. कोनशिला १९११ ची, इमारत पुरी झाली १९२० साली. सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहिम आणि सर वसनजी मुळजी हे तिचे दाते. पारशी, ज्यू, मुसलमान, हिंदू असे चारही समाजांचे धनिक त्यात आले, हे मुंबईचे वैशिष्ट्य. जमशेटजी टाटांनी तर आपल्या मुंबईतील मिळकती विज्ञानाच्या संस्थेसाठी देऊ केल्या. ती संस्था त्यांच्या निधनानंतर १९०९ साली बंगलोरला स्थापन झाली. म्हणजे मुंबईच्या पैशावर बंगलोरला विज्ञान वाढले.

यू.डी.सी.टी. मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू केली. पहिले दोनच विषय होते, कापडाचे रसायनशास्त्र आणि केमिकल इंजिनिअरिंग. कापडाला रंग कसा बसवायचा, तो धुतल्यावर जाऊ नये म्हणून काय करायचे, हा गिरण्यांचा रोजचा प्रश्न होता. सुरुवातीची दहाएक वर्षे हा विभाग रॉयल इन्स्टिट्यूटच्या इमारतीत होता, १९४३ साली तो माटुंग्याला आला.

आता जरा थांबून दुसरी बाजू पाहू. या सगळ्या कॉलेजांमागचा मोठा पैसा गिरण्यांचा. त्या गिरण्यांत राबणारे कोण होते? आपल्यातल्या बहुतेक घरांत आजोबा किंवा पणजोबा कोकणातून, साताऱ्याकडून मुंबईला आले आणि कुठल्या ना कुठल्या गिरणीत लागले. पण गिरणीतही त्यांना सगळ्या खात्यांत प्रवेश नव्हता. साच्यावरचे विणकाम, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातले सूत तुटले की कामगाराला ते तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने कसा तोंडाला लावायचा? म्हणून बंदी! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

म्हणजे बघा, गिरणीच्या नफ्यातून कापडाचे शास्त्र शिकवणारी कॉलेजे निघाली, आणि त्याच गिरणीत आपल्या माणसाला धोट्याला हात लावायची बंदी. मग त्याच्या पोराने माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये पाऊल ठेवायचे तरी कसे? कायद्याने दार बंद नव्हते. पण दारापर्यंत पोचायला लागणारी दुसरी थैली त्याच्याकडे नव्हती.

बाबासाहेबांनी हिशेब मांडला

बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित. त्यांनी शिक्षणाच्या प्रश्नाकडे नुसते कळवळ्याने पाहिले नाही, जमाखर्च मांडून पाहिले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले, की या इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी अवघे चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारी करातून मात्र माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे अबकारीतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. याच महिन्यात, आठ दिवसांनी, २० मार्चला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. एकीकडे पाण्याचा हक्क आणि दुसरीकडे शिक्षणाच्या पैशाचा हक्क, दोन्ही लढे एकाच महिन्यातले.

पुढे १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट कमिटी नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० साली अहवाल आला. त्यात शिष्यवृत्त्या वाढवा, वसतिगृहे काढा या शिफारशी होत्याच. शिवाय गिरण्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ मुलांना शिष्यवृत्ती द्यावी, इंजिनिअरिंग शिकायला परदेशी पाठवण्यासाठीही शिष्यवृत्ती ठेवावी, असे सुचवले होते. शेजारच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये आपली किती माणसे पुढे कामाला लागली ते आठवले, की ही शिफारस किती अचूक जागी बोट ठेवणारी होती ते कळते.

पण सर्वांत महत्त्वाचा कागद आहे तो २९ ऑक्टोबर १९४२ चा. त्या वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले होते. तीनच महिन्यांत त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना दलितांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे. त्याचा मतितार्थ मी माझ्या शब्दांत सांगतो. आपल्या मुलांना नुसते बी.ए. किंवा वकील होऊन पुरणार नाही. उद्याच्या देशात विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकलेल्या माणसाला स्थान असेल. पण ते शिक्षण इतके खर्चिक आहे, की सरकारने मदत केल्याशिवाय त्याचे दार आपल्या मुलांना कधीही उघडणार नाही.

आणि मग मागणी. तीही मोघम नाही, आकड्यात. भारतातील विद्यापीठांत व तांत्रिक संस्थांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी दरसाल २ लाख रुपये. परदेशात जाऊन हेच विषय शिकण्यासाठी दरसाल १ लाख रुपये. बनारसच्या हिंदू विद्यापीठाला आणि अलिगढच्या मुस्लिम विद्यापीठाला केंद्र सरकार दरवर्षी अनुदान देते, मग आमच्या मुलांसाठी का नाही, असा त्यांचा बिनतोड सवाल होता.

सरकारला हे मान्य करावे लागले. १९४४ सालापासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. काही मुले परदेशीही गेली. आपण कॉलेजात जिला 'जी.ओ.आय.' म्हणत आलो, म्हणजे गव्हर्नमेंट ऑफ इंडिया स्कॉलरशिप, तिचे मूळ हे आहे. आज तिला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतात. फॉर्म भरताना कंटाळा करणाऱ्या पोरापोरींना हे सांगितले पाहिजे. तो फॉर्म सरकारची मेहेरबानी नाही. त्याच्यामागे एका माणसाने एकट्याने लढवलेली बाजू आहे.

दोन्ही थैल्या एका ठिकाणी

शिष्यवृत्ती मिळाली, पण कॉलेज कुणाचे? तिथे आपल्या पोराला बाकावर बसवतील, प्रयोगाला पुढे घेतील, याची खात्री काय? म्हणून बाबासाहेबांनी दुसरे पाऊल उचलले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. पहिली जागा मरीन लाईन्सजवळच्या लष्करी बराकींत होती. नंतर ते फोर्टात आनंद भवन, बुद्ध भवन येथे आले. या कॉलेजात सुरुवातीपासून विज्ञान शाखा होती, हे मला महत्त्वाचे वाटते. नवी संस्था, हातात पैसा बेताचा. नुसते आर्ट्स काढले असते तर खर्च कितीतरी कमी आला असता. पण बाबासाहेबांनी प्रयोगशाळेचा खर्च अंगावर घेतला. नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून वर्ग सकाळचे ठेवले. आपल्या वस्तीतल्या जुन्या मंडळींपैकी कितीतरी जण सकाळी कॉलेज आणि नंतर ऑफिस असे करून पदवीधर झाले.

पुढे १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिथे कोनशिला बसली. मराठवाडा निजामाच्या राज्यातून नुकताच सुटलेला. तिथे खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी कॉलेज आणि सोबत वसतिगृह. वसतिगृह म्हणजे काय? पोराच्या थैलीचाच तो मोठा भाग. प्रयोगशाळा एका हाताला आणि जेवणाची पंगत दुसऱ्या हाताला, अशी ती रचना होती.

स्वातंत्र्यानंतरची अनुदाने

स्वातंत्र्यानंतर पहिली थैली भराभर मोठी झाली. १९५३ साली विद्यापीठ अनुदान आयोग आला, १९५६ साली त्याला कायद्याचा आधार मिळाला. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि अमेरिका हादरली. आपली पोरे विज्ञानात मागे पडली असे वाटून तिथल्या सरकारने शिक्षणावर पैशाचा पाऊस पाडला. त्या दोन देशांच्या चुरशीचे शिंतोडे आपल्याकडेही आले, आणि चांगल्या अर्थाने आले.

रशियाच्या मदतीचे उदाहरण तर आपल्या शेजारचेच. पवईच्या आय.आय.टी.ची सुरुवात पवईला झाली नाही. १९५८ साली पहिला वर्ग भरला तो वरळीला, सस्मिराच्या इमारतीत. शंभर मुलांची ती पहिली तुकडी. युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाने यंत्रसामग्री दिली, तज्ज्ञ पाठवले. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईला पायाभरणी केली. आपल्या माहीमपासून वरळी किती लांब? पण अनुसूचित जाती-जमातींसाठी आय.आय.टी.त राखीव जागा आल्या १९७३ साली. मधली पंधरा वर्षे लक्षात घ्या. प्रयोगशाळेचा पैसा १९५८ ला आला, आपल्या पोरांसाठी दार उघडायला १९७३ उजाडले. मुलांची तयारी कमी पडते असे दिसल्यावर एक वर्षाचा तयारीचा कोर्सही पुढे सुरू करावा लागला.

अमेरिकेच्या मदतीने १९६३ पासून विज्ञान शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिरे सुरू झाली. मे महिन्याच्या सुटीत शिक्षक-प्राध्यापकांना बोलावून नव्या पद्धतीने विज्ञान शिकवण्याचे धडे दिले जात. मग कोठारी आयोगाचा अहवाल १९६६ साली आला. त्याचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी हे स्वतः पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. १९७० च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडक कॉलेजांसाठी विज्ञान सुधारणेची एक योजना काढली. प्राध्यापक मंडळी तिला 'कोसिप' म्हणत. संशोधनाची मोठी केंद्रे बाजूला ठेवून साध्या बी.एस्सी.च्या वर्गाकडे या योजनेने पाहिले. प्रयोगांची साधने घ्या, लायब्ररी वाढवा, प्राध्यापकांना शिबिरांना पाठवा, तेच ते घोकंपट्टीचे प्रयोग बदला, असा तिचा उद्देश होता.

आणखी एक प्रयोग मुंबईचाच. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. सर दोराबजी टाटा ट्रस्टने त्याला आधार दिला. आज हे केंद्र मानखुर्दला आहे, पण सुरू झाले ते नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे महापालिका शाळांतल्या वंचित घरांतल्या मुलांबरोबर काम केले. त्यात अनुसूचित जातींची मुले होती. त्यांना काय दिसले? या मुलांची बुद्धी कमी नाही. अडचण पुस्तकाच्या भाषेत आहे. विज्ञानाच्या पुस्तकातले संस्कृतप्रचुर मराठी ज्या घरात कधी बोललेच जात नाही, त्या घरातल्या मुलाला विज्ञान कळण्याआधी भाषाच अडवते. भाषा सोपी केली, बोलण्याची, प्रश्न विचारण्याची संधी दिली, की याच मुलांची प्रगती झाली. हे काम शाळेतल्या मुलांवरचे असले, तरी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला ते तंतोतंत लागू पडते. तिथे तर अडवणारी भाषा इंग्रजी असते.

ब्रेकेजची भीती

आता थोडे स्वतःचे. १९८२ साली मी बारावी होऊन इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. त्याच वर्षी १८ जानेवारीपासून गिरण्यांचा संप सुरू झाला होता. वडील गिरणीत, म्हणजे घरात पगार बंद. स्कॉलरशिपचा फॉर्म भरला, मंजूरही झाली. पण पैसे हातात पडले ते वर्ष संपत आल्यावर. तोवर काय करायचे? आईने भिशीतून उचल घेऊन ड्राफ्टर आणून दिला. तोही एकट्याचा नव्हे, शेजारच्या चाळीतल्या एका मित्राबरोबर भागीत. वर्षभर आम्ही आलटून पालटून शीट काढल्या. परीक्षेला दोघांचा ड्रॉइंगचा पेपर एकाच दिवशी, एकाच वेळी! शेवटी एका सीनियर विद्यार्थ्याने आपला ड्राफ्टर दिला म्हणून निभावले.

पण माझ्या मनात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. आमच्या कॉलेजात अनुदानातून आलेली उत्तम साधने होती. पण काही फुटले-तुटले तर 'ब्रेकेज' म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापत. त्यामुळे प्रॅक्टिकलला चार जणांचा गट केला, की मी आपण होऊन जर्नल लिहायला बसायचो. उपकरणाला हात दुसरे लावायचे, मी रीडिंग लिहून घ्यायचो. सरांना वाटे, मुलगा मागे मागे राहतो, ह्याला गोडी नाही. गोडी होती हो! पण ब्युरेट फुटली तर घरी काय सांगू, ही धास्ती होती. लाखो रुपयांचे अनुदान त्या टेबलावर मांडलेले होते आणि खिशात दहा रुपये नाहीत म्हणून मी त्याच्यापासून दोन हात लांब बसलो होतो.

दोन थैल्या बरोबर भरल्या पाहिजेत असे मी वर म्हटले, ते पुस्तकात वाचून म्हटले नाही.

चित्र कसे बदलले

१९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळू लागली. जागा वाढल्या हे खरे, पण सरकारने संस्थेला द्यायचे अनुदान तिथे नाही. सगळा खर्च फीमधून. त्यामुळे फी भरमसाट वाढली आणि आपल्या मुलांचे सगळे भवितव्य फी माफी आणि शिष्यवृत्ती या एकाच धाग्यावर आले. म्हणून आज शिष्यवृत्तीला उशीर झाला, की पूर्वीपेक्षा जास्त हाल होतात. पूर्वी हातखर्च अडायचा, आता प्रवेश, परीक्षा, मार्कशीट सगळेच अडण्याची भीती.

संस्थांसाठीही नवी अनुदाने आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने केंद्र सरकारने इंजिनिअरिंग कॉलेजांच्या सुधारणेची योजना राबवली, तिला 'टेक्विप' म्हणतात. २००२-०३ पासून २०२१ पर्यंत तिचे तीन टप्पे झाले. दुसऱ्या टप्प्यात, २०१० नंतर, एक चांगली गोष्ट झाली. ज्या कॉलेजला पैसा हवा त्याने मागासवर्गीय आणि अभ्यासात अडलेल्या विद्यार्थ्यांसाठी काय करणार याचा आराखडाही द्यायचा. म्हणजे पहिल्या थैलीच्या तोंडाशीच दुसऱ्या थैलीची अट बांधली. पदवीच्या विज्ञान वर्गांसाठी २००८ साली केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 'स्टार कॉलेज' योजना काढली. मुलांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत, यावर तिचा भर आहे.

दुसऱ्या थैलीबद्दल सांगायचे, तर मध्यंतरी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा बहुतेक भार राज्यांवर पडला होता आणि ओढाताण चालली होती. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्यांचा ४० टक्के ठरला. १९४२ साली बाबासाहेबांनी ३ लाख मागितले होते, तो आकडा कुठे आणि हा कुठे! पण आकडा मोठा झाला म्हणून प्रश्न मिटला असे होत नाही. पैसा वेळेवर पोराच्या हातात पडला का, आणि त्या पैशावर पोराने उपकरणाला हात लावला का, हे पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

विहाराने काय करावे

सरकारकडे मागणे मागत राहिलेच पाहिजे, तो हक्क आहे. पण मधल्या फटीत आपले पोर पडू नये, हे आपल्या हातात आहे. शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि पैसे येणे यात जो काळ जातो, तोच पोरांना मारतो. त्या काळापुरती मदत वस्ती करू शकते. मला सुचते ते असे:

एक, विहारात उसनवार निधी असावा. शिष्यवृत्ती येईपर्यंत डिपॉझिट, पुस्तके, ॲप्रन यासाठी पैसे द्यावेत. शिष्यवृत्ती आली की मुलाने परत करावेत, म्हणजे पुढच्याला मिळतील. नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने पहिल्या पगारातून काही रक्कम त्यात घालावी.

दोन, साधनांची पेढी. ड्राफ्टर, कॅल्क्युलेटर, पुस्तके, जुने लॅपटॉप घराघरांत माळ्यावर पडून आहेत. विहाराच्या कपाटात आणून ठेवा. भागीतल्या ड्राफ्टरची पाळी पुन्हा कुणावर येऊ नये.

तीन, दहावीचा निकाल लागायच्या आधीच जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी यांची कागदपत्रे काढून घ्यावीत. ऐन प्रवेशाच्या वेळी एका कागदासाठी जागा गेलेली मुले आपण पाहिली आहेत. निवृत्त सरकारी कर्मचारी आपल्यात पुष्कळ आहेत. रविवारची वंदना झाली की दोन तास त्यांनी बसावे.

चार, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला विज्ञान शिकणाऱ्या मुलांना सीनियर मुलांनी आपल्या घरच्या मराठीत विषय समजावून सांगावा. नाना चौकातल्या त्या शाळेत जे सिद्ध झाले, ते विहाराच्या सतरंजीवरही होऊ शकेल.

आणि पाच, मुलामुलींना एवढे जरूर सांगावे: प्रयोगाच्या टेबलाशी पुढे उभे राहा. फुटली ब्युरेट तर फुटू दे. ब्रेकेज विहार भरील.

ज्या मुलाने मला तो प्रश्न विचारला, त्याला आता माझे उत्तर असे आहे. बाळा, ते कॉलेज ज्या गिरण्यांच्या पैशावर उभे राहिले, त्या तुझ्या पणजोबासारख्यांच्या घामावर चालल्या. तिथे शिकायला लागणारा पैसा बाबासाहेबांनी सरकारकडून हक्काने मिळवला. तो पोचायला उशीर झाला, तर तेवढ्यापुरते आम्ही आहोत. तू आत जा आणि यंत्राला हात लाव.

जयभीम!